पडद्यावाचून बागशिक्षण

बागकाम शिकविण्याचे काम इंग्लंडात दूरचित्रवाणीने फार पूर्वीच हाती घेतले. श्रूजबरी शहराच्या उद्यानांचे अधीक्षक पर्सी थ्रोअर पडद्यावर येऊ लागले आणि घरोघरचे माळीबुवा झाले. एकाने सांगावे व इतरांनी तसे करावे, अशी ती रीत होती.

आपल्याकडे, निपाणीपासून फार दूर नसलेल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठातील गणिताचे शिक्षक श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) यांनी निराळी वाट धरली. त्यांच्यापाशी पडदा नव्हता. होती ती पत्रे, बैठका आणि शेतकऱ्यांचे बांध. त्यांतून ‘प्रयोग परिवार’ उभा राहिला. पान म्हणजे उन्हाचे अन्न करणारा कारखाना. म्हणून पाने मोजा, ऊन मोजा, नोंद ठेवा आणि ती दुसऱ्यास कळवा, ही त्यांची शिकवण. द्राक्षबागाईतदारांनी ती उचलली; गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाजी पिकविणाऱ्या शहरवासीयांनीही उचलली. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह व्हावा, हे त्यांचे गणित होते. अल्पभूधारकाला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, हा त्यामागील हेतू.

आज मच्छे गावीही हातातल्या भ्रमणध्वनीवर सल्ला उदंड मिळतो. वाण आहे ती परसातल्या नोंदवहीची. आम्ही शिक्षक उत्तर सांगून मोकळे होतो. दाभोळकरांनी ते विद्यार्थ्यालाच मातीतून काढावयास लावले. एक वाफा, एक वही, एवढ्यावर आपणही आरंभ करू शकतो.