आडवाटेची हमी कोण घेणार?

१/ मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, लाल कंधारी आणि देवणी गुरे येतात. त्यांच्यामागून पाल, चूल आणि लेकरांसह अवघे संसारही येतात. बिऱ्हाड घेऊन हिंडणे या मुलखाला नवे नाही. नवे आहे ते वाहन: चाकांवरचे घर, म्हणजे कॅराव्हॅन.

२/ महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यानंतर हौशी कुटुंबांपुढे एक प्रश्न उभा राहिला: आडरानात गाडी बंद पडली तर मदतीची कोणती योजना घ्यावी? प्रश्न आधुनिक वाटतो. प्रत्यक्षात दख्खनच्या वाटांवर तो निदान चार शतके विचारला जात आहे, आणि त्याची जुनी उत्तरे आजही उपयोगी आहेत.

३/ आधी शब्दाकडे पाहू. ‘कॅराव्हॅन’ इंग्रजीतून आपल्याकडे आला, पण त्याचे मूळ फारसी ‘कारवान’ आहे. मराठीत त्यासाठी ‘तांडा’ हा शब्द होताच. बंजाऱ्यांचा तांडा म्हणजे शब्दशः चालते गाव: धान्य आणि मीठ लादलेले हजारो बैल, सोबत बायका-मुले, आणि सर्वांवर नायक.

४/ तांड्याला बाहेरच्या मदतीची गरज कमी भासे, कारण मदत त्याच्या आतच होती. एक बैल बसला तर त्याचे ओझे दुसऱ्यावर चढे. राखण करणारे, गुरांचे औषधपाणी जाणणारे, वाट ओळखणारे, सारे तांड्यातलेच. एकट्या प्रवाशाजवळ मात्र यांतले काहीच नसे. त्याला हमी विकत घ्यावी लागे.

५/ ती कशी, हे फ्रेंच जवाहीर-व्यापारी टॅव्हर्निये सांगतो. त्याचा प्रवासग्रंथ १६७६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. सुरतेहून गोवळकोंड्यास जाणाऱ्या वाटेवरील ‘नादूर’ या मुक्कामाची तो नोंद करतो. अभ्यासक हे ठिकाण नांदेड मानतात. येथे नदी ओलांडण्यासाठी दर गाडीमागे चार रुपये द्यावे लागत, आणि अंमलदाराचा लेखी परवानाही लागे.

६/ ही नदी गंगेला मिळते, असेही तो लिहून जातो. नदी अर्थात गोदावरी. गोदाकाठची माणसे आजही तिला ‘गंगा’च म्हणतात, परदेशी प्रवाशाचा घोटाळा बहुधा याच नावाने केला असावा.

७/ चार रुपये म्हणजे किती? टॅव्हर्नियेच्याच हिशेबाने सोबतीच्या सशस्त्र शिपायाचा महिन्याचा पगार सुमारे तेवढाच होता. म्हणजे नांदेडच्या एका उतारावर एका गाडीमागे एका राखणदाराचे महिन्याचे वेतन खर्ची पडे. परवाना मिळे तो पुढे जाण्याचा. पुढे काही विपरीत घडल्यास धावून येण्याचा नव्हे. परवाना आणि हमी या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

८/ हमी मिळे ती दुसरीकडे. प्रतिष्ठेने प्रवास करायचा तर वीस-तीस हत्यारबंद माणसे बरोबर घ्यावीत, असे तो सुचवतो, आणि एक मोलाचा तपशील देतो. शहरात ही माणसे ज्यांच्याकडून मिळत, त्यांचा एक म्होरक्या असे. तो त्यांच्या इमानाचा जामीन राही, आणि त्याबद्दल प्रत्येक शिपाई त्याला दोन रुपये देई. प्रवासी विकत घेत होता तो नुसता पहारा नव्हे, तर जाब देणारा माणूस.

९/ मालासाठी निराळी सोय होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘खुलासत-उत-तवारीख’ या फारसी ग्रंथात सराफ ठरावीक रक्कम घेऊन माल मुक्कामी सुखरूप पोहोचवण्याची जबाबदारी घेतात, असा उल्लेख आहे. त्या व्यवहाराचे नाव ‘बीमा’. आपला ‘विमा’ तोच. मूळ फारसी ‘बीम’ म्हणजे भय. भयाची किंमत ठरवण्याचा हा धंदा होता.

१०/ याच कुळातली जोखमी हुंडी. तिचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच देय होत. वाटेत माल गेला तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे बुडत. हुंडा-भाड्यात वाहतूक, वाटेवरची जकात आणि पुष्कळदा जोखीमही एकाच ठरीव रकमेत बांधलेली असे. सोय मोठी, पण ती मालाची. गाडीवान तापाने फणफणला तर त्याचे काय, यावर हुंडी मौन पाळी.

११/ जिथे सराफाचा कागद चालत नसे, तिथे माणसाची पत चाले. माळवा, राजपुताना आणि गुजरातेत भाट व चारण वाटसरूंची हमी घेत. त्यांच्या रक्षणाखालचा काफिला लुटला गेल्यास ते स्वतःला जखमी करून घेत आणि त्या पापाचा भार लुटारूंवर टाकीत. जॉन माल्कमने हे नोंदवले आहे. या आत्मक्लेशाचे नाव ‘त्रागा’. आज घरोघरी केला जाणारा त्रागा त्याचाच सौम्य वंशज.

१२/ अहिल्याबाई होळकरांनी हीच कल्पना राज्यकारभारात आणली. डोंगरातील भिल्लांना त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर ‘भिलकवडी’ हे लहानसे शुल्क घेण्याचा हक्क मान्य केला. बदल्यात वाटेचे रक्षण आणि चोरीला गेलेला माल परत मिळवून देणे ही त्यांची जबाबदारी ठरली. हमी देणारा दूरच्या शहरात नव्हता. त्याच घाटात राहत होता.

१३/ मराठी मुलखात गावच जामीन असे. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालानुसार चोरी झाली की गावचा जागल्या माग काढीत शिवेपर्यंत जाई आणि तो पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करी. माग ज्या गावात हरवे, त्या गावावर भरपाईची जबाबदारी येई. शीव संपली तरी हमी संपत नसे. ती हातोहात पुढे जाई.

१४/ या व्यवस्थेची काळी बाजूही होती. ठग वाटसरूला गाठत ते शस्त्र उगारून नव्हे, तर सोबतीचे आमिष दाखवून. चोरांचे भय आहे, मिळून जाऊ, एवढेच ते म्हणत, आणि विश्वास बसल्यावर रुमालाने गळा आवळीत. निजामाच्या चाकरीतील आणि पुढे नळदुर्गला राहिलेल्या मेडोज टेलरने १८३९ च्या आपल्या कादंबरीत हेच जग रंगवले. ज्याचा जामीन कोणी नाही, अशा सोबतीची किंमत प्राणांनी मोजावी लागे.

१५/ मोटार आली आणि हमीचे रूप पालटले. ब्रिटनमध्ये १९०५ साली ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली. मुंबईत १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली, आणि रस्त्यावरचा प्रवासी सरकारी खात्याच्या जबाबदारीत आला. ब्रिटिश हिंदुस्थानात १ जुलै १९४६ पासून मोटारीचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा झाला.

१६/ येथेच आजची मोठी गफलत होते. तृतीय पक्ष विमा हा आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या हानीसाठी आहे. बंद पडलेली गाडी ओढून नेणे, उतरलेली बॅटरी, फुटलेले टायर यांच्याशी त्याचा संबंध नाही. त्यासाठीची योजना वेगळी घ्यावी लागते. नांदेडच्या उतारावरचा परवाना खिशात आहे म्हणून हमीही आहे, असे समजण्यासारखेच ते आहे.

१७/ मग निवड कशी करावी? जुन्या वाटसरूंचेच प्रश्न विचारावेत.
भिलकवडीचा प्रश्न: मदत येणार कुठून? सर्वांत जवळचा सेवेकरी नांदेड-लातूरला आहे की थेट पुण्याला?
शिवेचा प्रश्न: गाडी किती किलोमीटर ओढून नेणार, आणि राज्याची हद्द ओलांडली तर काय?

१८/ हुंडीचा प्रश्न: हमी कशाची? फक्त गाडीची, की आतल्या माणसांच्या मुक्कामाची आणि पुढच्या प्रवासाचीही? मोटारीमागे जोडलेली कॅराव्हॅन असेल तर दोन्ही वाहने योजनेत आहेत का? वजनाची मर्यादा किती? साधी मोटार उचलणारे वाहन अवजड कॅराव्हॅन उचलू शकत नाही.
म्होरक्याचा प्रश्न: कोणी आलेच नाही तर जाब कोण देणार? ते लेखी आहे का?

१९/ लोह्यावरून जाणाऱ्या ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतक्रमांक आहे, आणि राज्यभर १०८ ची रुग्णवाहिका. पण महामार्ग सोडून बालाघाटाच्या डोंगररांगांतील एखाद्या वाडीकडे वळले की मोबाइलची रेंज जाते आणि छापील योजनेची खरी परीक्षा सुरू होते. तिथे तांड्याची रीतच तारते: जादा चाक, पाणी, अवजारे, आणि शक्यतो सोबतीला दुसरी गाडी.

२०/ चारशे वर्षांत बैल गेले, उतारावर पूल आला, हुंडीची जागा मोबाइलवरच्या पावतीने घेतली. हमीची कसोटी मात्र बदललेली नाही. कागदावर किती सेवा छापल्या आहेत, यापेक्षा जिथे चाक रुतेल त्या जागेसाठी कोण जामीन आहे, हे अधिक महत्त्वाचे. टॅव्हर्नियेच्या शिपायांनी दोन रुपये मोजले ते त्याच एका नावासाठी.