अँबॅसेडरच्या पोटाखाली

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये आजोबांची डिझेल अँबॅसेडर घेऊन गेलो, तेव्हा माझ्या फोनमध्ये सगळं तयार होतं. पुढचं सस्पेन्शन बदलायचं होतं. जुने टॉर्शन बार काढून दहा टक्के जाड बार टाकायचे आणि नवे शॉक बसवायचे. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. जुनं काढून नवं बसवणं हा माझा रोजचा धंदा.

मेकॅनिक काकांनी माझी यादी पाहिलीही नाही. "आधी गाडी जॅकवर घे," म्हणाले.

ती वर जाईपर्यंत थोडा इतिहास सांगतो.

अँबॅसेडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज थ्री. हिंदुस्तान मोटर्सने 1958 पासून ती बंगालमधल्या उत्तरपाड्याला अँबॅसेडर म्हणून बनवली आणि 2014 मध्ये थांबवली. तिच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग नाही. अॅलेक इसिगोनिस या इंजिनिअरने 1948 च्या मॉरिस मायनरमध्ये वापरलेली टॉर्शन बारची पद्धत हिच्यातही आहे. कल्पना त्याहून जुनी, फ्रान्सच्या सित्रोएनने ती 1934 मध्येच गाडीत आणली होती.

टॉर्शन बार म्हणजे पोलादाची लांब सळई. तिचं एक टोक चाकाच्या खालच्या आर्मला जोडलेलं, दुसरं गाडीच्या पोटाखाली घट्ट अडकवलेलं. चाक वर उचललं की सळई पिळली जाते, मग पीळ सोडवत चाकाला परत खाली ढकलते. पिळलेलं ओलं फडकं हातातून सुटू पाहतं, तसं. हीच सळई स्प्रिंग.

बसलेलं नाक उचलायचं असेल, तर सळईचं अडकवलेलं टोक जरा फिरवून पुन्हा बसवायचं. डिझेल इंजिनाच्या वजनाने नाक बसलं की घाटात गाडी चालवणारे हे करून घेत. आमचे आजोबा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला पर्यटक नेत, तेही करून घेत. पण त्याने फक्त उंची वाढते, ताकद नाही. ताकद सळईच्या जाडीवर असते, तीही चौथ्या घाताने. जाडी दहा टक्के वाढवली, तर कडकपणा सुमारे 46 टक्के वाढतो. माझा सगळा हिशेब यावरच होता.

हिशेब बरोबर होता. प्रश्न चुकला होता.

काका गाडीखाली सरपटत गेले. पुढच्या सीटच्या खाली, जिथे सळईचं मागचं टोक धरलेलं असतं, त्या क्रॉस मेंबरवर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, दाबला. तो आत गेला. गंजाच्या पापुद्र्यांबरोबर सुकलेला गाळ माझ्या चपलेवर पडला.

"पुरात होती का रे गाडी?"

होती. 22 जुलै 2021 ला महाड बुडालं, तेव्हा ती शहरात चुलत्यांच्या दारात उभी होती. नंतर आम्ही सीटा वाळवल्या, इंजिन साफ केलं, पॉलिश मारलं. पोटाखालच्या पोकळीत गाळ बसला असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"सळईला काही झालेलं नाही," काका म्हणाले. "तिला धरणारा पत्रा गेलाय. तू जाड सळई टाकलीस, तर ती हा पत्रा आणखी जोराने पिळणार. घाटात उतारावर सुटलं म्हणजे?"

अँबॅसेडरला वेगळी चासी नाही. सगळा भार हा पत्राच पेलतो.

मला राजेवाडीजवळचा सावित्रीवरचा जुना पूल आठवला. ब्रिटिशांच्या काळातला, 1928 चा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो पुरात कोसळला आणि दोन एसटी बस माणसांसकट वाहून गेल्या. त्याआधी कितीदा तरी आम्ही त्याच गाडीतून त्या पुलावरून गेलो होतो. दिसायचा तो फक्त वरचा रस्ता. जून 2017 मध्ये नवा पूल सुरू झाला, तरी आजी अजून त्यावर हात जोडते.

मी यादी फोनमधून काढून टाकली. काकांनी क्रॉस मेंबर कापून नवा जाड पत्रा वेल्ड केला, बुश बदलले, ग्रीस भरलं, गळणारे शॉक नवे टाकले. सळया मात्र जुन्याच ठेवल्या.

गेल्या रविवारी आजीला घेऊन पोलादपूरला गेलो. गाडी पूर्वीसारखीच डुलते. पुलावर आजीने हात जोडले. या वेळी मीही वेग कमी केला.