उच्च माध्यमिक विषयनिवड : वसई-विरार

अकरावी-बारावीत कोणते विषय घ्यावेत, हा घरोघरचा प्रश्न राष्ट्रीय धोरणाशी बांधलेला आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षणाला राष्ट्रीय विकासाचे साधन मानून १०+२+३ आकृतिबंधाची शिफारस केली. महाराष्ट्राने तो १९७०च्या दशकात स्वीकारला. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने १९९५पर्यंत २५ टक्के विद्यार्थी व्यवसायशिक्षणाकडे वळवण्याचे ठरवले. ते साधले नाही.

वसई-विरार राज्य मंडळाच्या मुंबई विभागात येते. कला, वाणिज्य, विज्ञान या प्रमुख शाखा. इंग्रजी सर्वांना सक्तीची. विज्ञान शाखेत २०० गुणांचा द्विलक्ष्यी (व्यवसायाभिमुख) विषय घेता येतो. त्यासाठी दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो. संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेणाऱ्याची मराठी इथेच सुटते. सामवेदी (कादोडी) आणि वाडवळी बोलींच्या या तालुक्यात ही हानी मोठीच म्हणावी लागेल. द्विलक्ष्यी विषयांत मत्स्यव्यवसाय आणि पीकशास्त्रही आहेत. अर्नाळा, पाचूबंदरची मासेमारी आणि केळी-फुलांच्या वाड्या पाहता या विषयांची सोय इथल्या कनिष्ठ महाविद्यालयांत आवर्जून असायला हवी. आता २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अशा निवडीआड येणाऱ्या शाखांमधील कठोर भिंती काढू पाहते.