सोसायटीत फायबर इंटरनेट आणायला सरकारी व्हाउचर मिळतं का? ठाणे, कल्याण-डोंबिवलीकरांसाठी सोपी उत्तरं

‘सोसायटीत फायबर टाकण्यासाठी सरकार व्हाउचर देतंय, फक्त हा फॉर्म भरा.’ असा मेसेज तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला, तर पुढे पाठवण्याआधी दोन मिनिटं थांबा. अशी योजना जगात खरंच आहे, पण आपल्याकडे नाही. आपल्याकडे सरकारचा पैसा वेगळ्या वाटेने जातो आणि ती वाट तुमच्या दारापर्यंत येते की नाही, हे तुमचा पत्ता ग्रामपंचायतीत आहे की महापालिकेत, यावर बरंचसं ठरतं.

थोडक्यात उत्तर

• शहरातल्या सोसायटीला किंवा चाळीला फायबर जोडणीसाठी केंद्र सरकार कोणतंही व्हाउचर देत नाही.
• ग्रामीण भागासाठी भारतनेट आहे, पण तो पैसा जाळं उभारण्यासाठी जातो, ग्राहकाच्या हातात येत नाही.
• शहरातल्या लोकांकडे दोन मार्ग उरतात : एकत्र येऊन कंपनीशी दर ठरवणं आणि पीएम-वाणी योजनेतून वायफाय सुरू करणं.

व्हाउचर योजना म्हणजे नेमकं काय?

याचं ठळक उदाहरण ब्रिटनचं. जिथे कंपन्यांना स्वखर्चाने फायबर टाकणं परवडत नाही, अशा ग्रामीण भागातल्या घरांसाठी तिथे ‘गिगाबिट ब्रॉडबँड व्हाउचर’ योजना आली. २०२३ मध्ये एका व्हाउचरची मर्यादा ४,५०० पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ५ लाख रुपयांच्या आसपास वाढवली गेली.

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, पैसे रहिवाशाला रोख मिळत नाहीत. जोडणी सुरू झाली की रक्कम कंपनीला मिळते. दुसरी, शेजारी एकत्र येऊन आपापली व्हाउचर एकाच कामासाठी लावू शकतात. एका घरासाठी न परवडणारी खोदाई अख्ख्या वस्तीसाठी परवडते ती अशी.

इंग्लंडच्या लँकशायरमध्ये लोक त्याही पुढे गेले. २०११ मध्ये गावकऱ्यांनी ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ ही स्वतःची संस्था काढली, तिचे शेअर्स घेतले, शेतकऱ्यांनी शेतातून केबल न्यायला फुकट परवानगी दिली आणि स्वयंसेवकांनी स्वतः चर खणले. पुढे व्हाउचरचा आधारही या कामाला मिळाला.

भारतात सरकारचा पैसा कुठे जातो?

टेलिकॉम कंपन्या सरकारला आपल्या ठरावीक महसुलाच्या ८ टक्के परवाना शुल्क देतात. त्यातले ५ टक्के ‘युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड’ या निधीसाठी असतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीचं नाव ‘डिजिटल भारत निधी’ केलं. जिथे कंपन्या आपणहून जात नाहीत तिथे सेवा पोहोचवणं हा त्याचा उद्देश. म्हणजे रिचार्ज करणारा प्रत्येक जण अप्रत्यक्षपणे या निधीत भर घालतोच.

याच निधीतून भारतनेट चालतं. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेला हा प्रकल्प ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या सुधारित टप्प्याला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. यात ग्रामपंचायतींपलीकडच्या गावांनाही मागणीनुसार जोडण्याची आणि सुमारे दीड कोटी ग्रामीण घरांत फायबर नेण्याची तरतूद आहे. घरापर्यंतचं शेवटचं काम स्थानिक उद्योजकांनी करायचं आणि उत्पन्न वाटून घ्यायचं, अशी रचना आहे.

मग ग्राहकाला थेट मदत द्यायचा विचारच झाला नाही का? झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘ट्राय’ने शिफारस केली होती की ग्रामीण भागात प्रायोगिक तत्त्वावर घरगुती ब्रॉडबँडच्या मासिक बिलाची निम्मी रक्कम, कमाल २०० रुपये, थेट ग्राहकाच्या खात्यात जमा करावी. व्हाउचरच्या सर्वात जवळची भारतीय कल्पना हीच. पण ती शिफारस होती, योजना नव्हे, आणि तीही ग्रामीण भागापुरतीच.

अशा मदतीची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. अमेरिकेत गरीब कुटुंबांना बिलात दरमहा ३० डॉलरपर्यंत सवलत मिळत होती. २ कोटींहून जास्त कुटुंबं त्यात होती. निधी संपला आणि २०२४ च्या मध्यावर योजना बंद पडली. बिलातली सवलत बजेटबरोबर संपते. जमिनीत टाकलेली केबल मात्र राहते.

ठाणे जिल्ह्यात कोण कुठे बसतं?

मुरबाड, शहापूर तालुक्यांतली गावं ग्रामपंचायतीत आहेत, त्यामुळे ती भारतनेटच्या चौकटीत येतात. ठाणे, डोंबिवली, कल्याण शहरांत खासगी कंपन्या आणि स्थानिक केबलवाले आधीच आहेत, त्यामुळे सरकारी निधीच्या दृष्टीने ती गरजू ठरत नाहीत.

खरी अडचण मधल्या पट्ट्याची. निळजे, घारिवली, भोपर, सोनारपाडा अशी २७ गावं १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत होती, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. महापालिकेत गेलेलं गाव ग्रामपंचायतीसाठी आखलेल्या योजनेत बसत नाही. त्याच वेळी एखाद्या आतल्या आळीतली वीस घरं कंपनीला धंद्याच्या दृष्टीने फायद्याची वाटत नाहीत. कागदावर शहर, पण सेवेत गाव. ब्रिटनसारखं व्हाउचर असतं, तर त्याची सर्वात जास्त गरज अशाच वस्त्यांना होती.

आपल्याकडे लोकसहभागाचा प्रयोग झाला आहे का?

हो, आणि तोही जवळच. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघर परिसरात आयआयटी मुंबईने ‘ग्राममार्ग’ प्रकल्प राबवला. फायबर जिथे संपतं तिथून पुढे पाड्यांपर्यंत बिनतारी इंटरनेट नेण्याचा हा प्रयत्न होता. सुरुवातीच्या चाचणीत टीव्हीसाठी राखीव, पण वापरात नसलेल्या लहरी वापरल्या गेल्या. सरकार आणि खासगी कंपनी यांच्याबरोबर पंचायतीलाही भागीदार करायचं आणि गावातल्याच उद्योजकाने सेवा चालवायची, असं त्याचं सूत्र. २०१७ मध्ये या प्रकल्पाला मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत पुरस्कार मिळाला.

मग तुमच्या सोसायटीने किंवा चाळीने काय करावं?

१. आधी उपलब्धता बघा. केंद्राच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर पिनकोड टाकला की तुमच्या भागात कोणत्या कंपन्या वायरने इंटरनेट देतात ते दिसतं.

२. मागणी लेखी गोळा करा. समजा, कंपनीने केबल आणण्याचा खर्च ९०,००० रुपये सांगितला. ६० घरं तयार असतील तर प्रत्येकी १,५०० रुपये पडतात, ४० घरांवर तेच २,२५० होतात. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, पण हिशोब असाच चालतो. शेजारची इमारत सोबत आली तर आणखी बरं.

३. किमान तीन कोटेशन घ्या आणि विषय सर्वसाधारण सभेत ठेवून ठराव करा.

४. करारात चार गोष्टी लिहून घ्या : केबल आणि स्प्लिटरची मालकी कोणाची, बिघाड किती तासांत दुरुस्त होणार, वर्षभर दर किती राहणार आणि दुसऱ्या कंपनीला शाफ्टमधून केबल आणायला आडकाठी नसेल. शेवटची अट विसरू नका. एकाच कंपनीला मक्ता दिला की पुढच्या वर्षी घासाघीस करायला जागा राहत नाही.

५. रस्ता स्वतः खोदू नका. सार्वजनिक जागेतून केबल न्यायची परवानगी परवानाधारक कंपनीने महापालिकेकडे मागायची असते. यासाठीचे नवे ‘राइट ऑफ वे’ नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत.

एक कनेक्शन घेऊन सगळ्यांना वाटलं तर?

परवान्याशिवाय इंटरनेट विकता येत नाही. त्यासाठी कायदेशीर मार्ग म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना. यात चहाची टपरी, किराणा दुकान किंवा एखादं मंडळसुद्धा ‘पब्लिक डेटा ऑफिस’ होऊन वायफाय देऊ शकतं. त्याला वेगळा परवाना लागत नाही, मात्र योजनेत नोंदणी असलेल्या कंपनीमार्फत काम करावं लागतं. पूर्वी अशा केंद्रांना इंटरनेट फार महाग पडायचं. जून २०२५ मध्ये ट्रायने मर्यादा घातली : २०० एमबीपीएसपर्यंतच्या प्लॅनला घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारता येणार नाही. घराघरांतल्या फायबरची जागा हे वायफाय घेणार नाही, पण चाळीतल्या विद्यार्थ्यांसाठी उपयोगी आहे.

फसवणूक कशी ओळखायची?

पीएम-वाणीच्या नावाने वायफाय पॅनल बसवण्यासाठी जागेचं भाडं आणि नोकरी देण्याचं आमिष दाखवून आधी शुल्क मागणारं पत्र फिरलं होतं. पीआयबी फॅक्ट चेकने ते खोटं असल्याचं सांगितलं. तेव्हा साधा नियम : ‘सरकारी व्हाउचर’साठी कोणी आधी फी, ओटीपी किंवा आधारचा फोटो मागत असेल तर देऊ नका. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा.

व्हाउचरची मागणी करूच नये का? जरूर करावी. फक्त व्हॉट्सअॅपवरच्या फॉर्मवर नाही, तर नगरसेवक, आमदार, खासदारांकडे, आणि ट्राय एखाद्या विषयावर लोकांच्या सूचना मागवते तेव्हा. २७ गावांसारख्या वस्त्यांचा प्रश्न योजनेच्या चौकटीत बसवायचा तर तो आधी लेखी मांडलेला असायला हवा.