रोपाला रात्र कळते

घरात रुजवलेलं रोप बाहेर कधी न्यायचं? परदेशी व्हिडिओंमधलं उत्तर ठरलेलं असतं: थंडी सरली, दिवस मोठा झाला की. मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला सर्वांत लहान दिवस साधारण 11 तासांचा, सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. लंडनमध्ये हाच पल्ला जेमतेम आठपासून साडेसोळापर्यंत जातो. त्यामुळे दिवसाच्या लांबीशी आपल्याला काय करायचंय, असं वाटू शकतं. पण रोपांना सव्वादोन तासांचा फरक भरपूर होतो.

आज जिथे अंधेरी, बोरिवली, मुलुंड आहेत, त्या साष्टी बेटावर भातशेती होती. पावसाच्या तोंडावर राबात रोपं वाढवायची, मग चिखलात लावणी. उंचवट्यावर लवकर येणारं हळवं भात, खोलगट पाणथळ शेतात उशिरा येणारं गरवं. गरव्या भाताच्या अनेक पारंपरिक जाती दिवस लहान होऊ लागले की निसवतात. पाऊस लांबला, लावणी पंधरा दिवस मागे पडली, तरी कापणी फारशी हलत नाही. ही त्या शेतकऱ्याची विमा पॉलिसीच होती.

यामागचं कारण 1920 मध्ये शास्त्राच्या कागदावर आलं. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांच्याकडे तंबाखूची एक जात उन्हाळ्यात नुसतीच उंच वाढायची. हिवाळ्यात काचघरात मात्र फुलायची. त्यांनी भर उन्हाळ्यात कुंड्या संध्याकाळ व्हायच्या आतच अंधारात हलवल्या, आणि झाडांना फुलं आली. 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी पुढचा पेच सोडवला: अशी झाडं दिवस मोजत नाहीत, सलग रात्र मोजतात. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला तरी फुलणं थांबतं.

1966 मध्ये फिलिपिन्समधून आयआर-8 हे भात आलं. त्याला दिवसाच्या लांबीचं बंधन नव्हतं. त्यामुळे पाणी असेल तिथे वर्षात एकाहून जास्त पिकं शक्य झाली. बदल्यात जुना विमा गेला: आता पेरणी उशिरा, तर कापणीही उशिरा.

साष्टीतली बहुतेक शेतं गेली, उरल्या गॅलऱ्या. रोप बाहेर काढताना आठ-दहा दिवस हळूहळू ऊन वाढवायचं, हे खरंच. पण तो उन्हाच्या तीव्रतेचा प्रश्न आहे. दिवसाची लांबी वेगळं काम करते. युरोपातल्या कांद्याच्या अनेक जातींना गाठ धरायला 14 तास किंवा जास्त लांबीचा दिवस लागतो. तेवढा मुंबईत कधीच नसतो, म्हणून पात येते, कांदा नाही. बी मागवण्याआधी हे पाहावं.

शेवंतीचं उलट. तिला लांब रात्र हवी. पॉलिहाऊसवाले रात्री दिवे लावून तिचं फुलणं मुद्दाम पुढे ढकलतात. उपनगरात तेच काम खिडकीसमोरचा रस्त्याचा दिवा फुकट करतो. गणपतीनंतर शेवंतीची कुंडी बाहेर मांडायची असेल, तर सकाळचं ऊन कुठे येतं हे बघाच. पण रात्री दहा वाजता त्याच जागी उभं राहून खरा अंधार आहे का, तेही बघा.