किताबातली उमराव हसते

२०२५ च्या जून महिन्यात मुजफ्फर अली यांचा 'उमराव जान' नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीच्या रूपात पुन्हा चित्रपटगृहांत आला. त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये तोच विषय होता. मराठी शिकवणाऱ्या एक ज्येष्ठ बाई मला कौतुकाने म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या घरी सगळे असंच बोलत असतील ना? किती गोड!"

मला हसू आलं. मी जळगावात शिकवते, पण माहेर धुळ्याचं, मागावर काम करणाऱ्यांच्या मोहल्ल्यातलं. आमच्याकडे सलाम झाला की पुढचा प्रश्न असतो, "काय चाली ऱ्हायनं?" आमच्या उर्दूत अहिराणी इतकी मिसळली आहे की लखनौवाला ऐकेल तर गोंधळून जाईल. लखनौची तहजीब बाईंनी पडद्यावर पाहिली, तशीच आम्हीही पडद्यावरच पाहिली. पण त्या पडद्यामागे एक पुस्तक आहे आणि ते आमच्या घरी होतं.

अम्मीच्या लोखंडी कपाटात उर्दू किताबांची एक रांग होती. पुढे डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस'. १८६९ ची ही कादंबरी म्हणजे अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची गोष्ट. फूहड अकबरी घर कसं बिघडवते आणि शहाणी असगरी ते कसं सावरते, हे मुलींनी शिकावं म्हणून लिहिलेली. ती आमच्या हाती खुशाल दिली जायची. तिच्या मागे, जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेली, मिर्झा हादी रुसवा यांची 'उमराव जान अदा' होती. १८९९ ची. दोन्ही किताबांमध्ये अवघी तीस वर्षं, पण एक कपाटात पुढे आणि एक मागे. मुलींनी काय वाचावं याचा आपल्या समाजातला इतिहास मला त्या कपाटातच पहिल्यांदा दिसला.

या कादंबरीवर चित्रपट एकच झालेला नाही. १९५८ मध्ये एस. एम. युसूफ यांनी तिच्यावरून 'मेहंदी' केला. १९७२ मध्ये पाकिस्तानात हसन तारिक यांनी 'उमराव जान अदा' केला. १९८१ मध्ये मुजफ्फर अली आणि रेखा, २००६ मध्ये जे. पी. दत्ता आणि ऐश्वर्या राय. दर पिढीने तिला आपल्यासाठी पुन्हा घडवलं. शरदबाबूंच्या 'देवदास'चंही असंच झालं. १९३५, १९५५, २००२, आणि प्रत्येक वेळी आधीचा देवदास पाहिलेले लोक म्हणाले, "आमच्या वेळचाच खरा!"

मी रेखाचा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो मोहल्ल्यात भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. मी दहा-बारा वर्षांची असेन. बायका रडत होत्या. शेवटी उमराव लुटल्या गेलेल्या कोठ्यावर परत येते आणि आरशावरची धूळ पुसते, तेव्हा तर खाला हुंदके देऊ लागली. अम्मी मात्र रडली नाही. घरी येताना एवढंच म्हणाली, "किताब की उमराव तो हसती है."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बीएड होऊन नोकरीला लागेपर्यंतचा काळ लागला. तेव्हा कुठे मी किताब नीट वाचली.

फैजाबादची अमीरन ही लहान मुलगी. बापाशी वैर असलेला दिलावर खान तिला पळवतो आणि लखनौच्या खानमच्या कोठ्यावर ती विकली जाते. इतकं चित्रपटातही आहे. पण कादंबरीची बांधणी निराळी आहे. रुसवा शायर मित्रांसोबत बसलेले असतात, शेजारच्या खोलीतून एका बाईची दाद ऐकू येते आणि ती बाई उमराव निघते. मग उतारवयातली उमराव आपली कहाणी सांगते, रुसवा मध्येच प्रश्न विचारतात, ती टोलवते, चिमटे काढते, स्वतःवरही हसते. प्रेम तिच्या आयुष्यात आहे, पण तिचं आयुष्य म्हणजे एका नवाबाची वाट पाहणं नव्हे. मौलवी साहेबांनी तिला शिकवलं, ती शेर रचू लागली, 'अदा' हे तखल्लुस घेतलं. १८५७ च्या धामधुमीत लखनौ सुटलं, तरी ती तगली. पुढे दिलावर खान पकडला जातो तोही तिच्यामुळे. कादंबरीत शेवटचा शब्द तिचाच आहे.

चित्रपटाने त्यातली प्रीती उचलली आणि विरह वाढवला. अडीच तासांत हेच जमतं आणि तिकीटही यावरच विकलं जातं. म्हणून मी चित्रपटाला नावं ठेवणार नाही. शहरयार यांची शायरी, खय्याम यांचं संगीत आणि आवाज आमच्या सांगलीच्या आशा भोसले यांचा. या गाण्यांसाठी आशाताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका मराठी गळ्यातून लखनौची तवायफ गायली आणि कोणाला ती परकी वाटली नाही. चित्रपट नसता तर रुसवांचं नाव स्टाफरूमपर्यंत पोचलंच नसतं.

माझी तक्रार वेगळी आहे. पडद्यावर मुसलमानाचं प्रेम दाखवायचं तर कोठा, झुंबर, नवाब आणि गेलेला जमाना लागतो. धुळ्याच्या मागावरचा मोमीन, यावल-रावेरकडचा तडवी, जळगावच्या बाजारातला बागवान यांच्या प्रेमाची गोष्ट कोण सांगणार?

याच्या उलट बाजूला मला नेहमी 'जैत रे जैत' आठवतो. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ठाकर आदिवासींतल्या नाग्या आणि चिंधीच्या प्रेमाची. १९७७ मध्ये ती पडद्यावर आणली जब्बार पटेल यांनी, पंढरपूरला जन्मलेल्या मराठी मुसलमान डॉक्टरने. गाणी अजिंठ्याच्या डोंगराकडच्या पळसखेडच्या ना. धों. महानोरांची आणि चिंधी झाली स्मिता पाटील, आमच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या घराण्यातली. नाग्या मधमाश्यांच्या राणीवर सूड घ्यायला निघतो. चिंधी नवऱ्याला सोडून त्याच्याजवळ येते, त्याच्या जिद्दीला आपली जिद्द जोडते आणि त्यातच जीव गमावते. या चित्रपटात ना उर्दू ना शेरवानी. तरी तो मला माझा वाटतो. मुसलमान दिग्दर्शकाने मुसलमानांचीच गोष्ट सांगावी असा नियम नाही, हे जब्बार पटेलांनी कधीच दाखवून दिलं.

नव्या जमान्यात मात्र काय झालं? विक्रम सेठ यांच्या १९९३ च्या 'अ सुटेबल बॉय'वर २०२० मध्ये मालिका आली. मीरा नायर यांची. पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची, ज्यांनी १९९५ मध्ये जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची मालिका लिहिली होती. मुलीसाठी स्थळं शोधणारी आई दोन्हीकडे आहेच. इथे १९५१ च्या सुमारास लता मेहरा कबीर दुर्रानी या मुसलमान मुलाच्या प्रेमात पडते. शेवटी लग्न करते ती हरेशशी, आईच्या पसंतीच्या मुलाशी. म्हणजे गोष्टीत कबीर हरतोच. तरीही महेश्वरला मंदिराजवळ चित्रित झालेल्या त्या दोघांच्या चुंबनावरून नोव्हेंबर २०२० मध्ये मध्य प्रदेशात गुन्हा दाखल झाला. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा ओलांडलं की पुढे महेश्वरकडे रस्ता वळतो. आमच्यापासून इतकं जवळ. मंदिराच्या पावित्र्याचा प्रश्न कोणी मनापासून विचारला तर मी तो ऐकून घेईन. पण मालिकेत सईदाबाई ही तवायफही आहे, तिच्या प्रेमात एक हिंदू तरुण आहे, आणि त्यावरून असं वादळ उठलं नाही. कोठ्यावरचं प्रेम खपतं. कॉलेजात जाणारा, क्रिकेट खेळणारा कबीर खपत नाही.

स्टाफरूममधल्या बाईंना मी हे सगळं सांगितलं नाही. त्यांनी प्रेमाने विचारलं होतं. मी एवढंच म्हटलं, "बाई, आमच्याकडे अहिराणी बोलतात," आणि त्यांना आश्चर्य वाटलं.

त्याच सुमारास माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता कॉलेजात आहे. चित्रपट तिने मोबाइलवर पाहिला होता. "टीचर, शेवटी ती आरशात काय बघते?"

मी म्हटलं, "किताबमध्ये तो आरसाच नाही."

"मग किताब द्या ना."

मी क्षणभर थांबले. तिच्या घरचे काय म्हणतील, हाच विचार आधी आला. अम्मीचं कपाट माझ्याही डोक्यात अजून तसंच आहे, हे तेव्हा कळलं. मग उठले आणि अम्मीची तीच प्रत तिला दिली, दुपट्ट्याशिवाय.

अजून परत आलेली नाही. तिच्या घरात ती कपाटात पुढे ठेवली आहे की मागे, हे मी विचारलेलं नाही.