शिवारातल्या पशुपक्ष्यांची नोंद : कोण ठेवतं, कशी ठेवायची आणि गावाला फायदा काय

पंधरा वर्षांपूर्वी आपल्या माळावर तित्तर किती होते आणि आज किती आहेत, असं पारावर विचारलं तर चार जण चार उत्तरं देतील. कारण लिहून कोणीच ठेवलेलं नसतं. पाऊस किती मिलिमीटर पडला ते लिहिलेलं असतं, कांद्याला काय भाव मिळाला ते वहीत असतं. पण माळावरची काळवीटं कधी कमी झाली, गिधाडं कोणत्या साली दिसायची बंद झाली, याची तारीख कोणाकडे नाही. ही नोंद ठेवायचं काम जिल्ह्यात आणि राज्यात काही माणसं बिनपगारी करतात. कोणी शिक्षक आहे, कोणी शेतकरी, कोणी सर्पमित्र, कोणी कॉलेजची पोरं. त्यांच्या कामाची ही माहिती.

जिल्ह्यात काय काय आहे

अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वात मोठा. त्यामुळे पश्चिमेला सह्याद्रीचं जंगल आणि दक्षिणेला कोरडा माळ, असं दोन्ही इथे आहे.

- अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. स्थापना १९८६. राज्यप्राणी शेकरू, बिबट्या, आणि मे अखेरपासून पाऊस लागेपर्यंत भंडारदरा परिसरात झाडांवर लखलखणारे काजवे.
- कर्जत तालुक्यात रेहेकुरी काळवीट अभयारण्य. स्थापना १९८०. क्षेत्र फक्त २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत कळप कसा मावणार? काळवीटं आजूबाजूच्या शेतात येतात ती त्यामुळेच.
- नेवासा आणि शेवगाव तालुक्यांना लागून जायकवाडीचा नाथसागर. १९८६ पासून पक्षी अभयारण्य. हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब आणि बाहेरच्या मुलखातली बदकं इथे उतरतात.
- कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पारनेर, पाथर्डी या पट्ट्यातल्या माळांवर लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल आणि हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी.

माळ म्हणजे पडीक जमीन असं सरकारी कागदावर असलं, तरी या जनावरांचं ते घरच आहे. मेंढपाळाला हे सांगावं लागत नाही. लांडग्याची बीळं कुठे असतात, तो कोणत्या महिन्यात पिल्लं घालतो, हे त्याला पाठ असतं. फक्त ते कुठे लिहिलेलं नसतं.

माळढोकाचा धडा

नोंद का ठेवायची, हे माळढोकाच्या गोष्टीवरून कळतं. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळावर माळढोक आहेत, हे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात लोकांसमोर आणलं. एका माणसाच्या निरीक्षणातून पुढे हालचाल झाली आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. सोलापूरबरोबर नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासा हे तालुकेही त्यात आले.

पण हद्द आखली तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरची. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, बागायती रानं आली. जमिनीचे व्यवहार आणि उद्योग यांवर बंधनं येऊन लोकांत नाराजी पसरली. पक्ष्याचं नाव काढलं तरी लोक चिडायला लागले. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळ नांगरले गेले होते, विजेच्या तारा आल्या होत्या. आज देशात माळढोक दीडशेच्या आतच उरलेत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात.

पक्षी नेमका कोणत्या माळावर चरतो आणि अंडी कुठे घालतो, हे गावोगावच्या लोकांनी सुरुवातीपासून नोंदवलं असतं, तर हद्द तेवढ्यापुरती आखता आली असती. पक्ष्यालाही बरं झालं असतं आणि शेतकऱ्यालाही.

अकोल्याच्या उसातला बिबट्या

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. अकोले खोऱ्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या शेतात, ओढ्याकाठी आणि पायवाटांवर कॅमेरे लावून बिबटे मोजले. वनखातं आणि गावची माणसं सोबतीला होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ मोठे बिबटे आणि तितकीच तरसं निघाली. तेही जंगलात नाही, चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात अशा शेतीच्या भागात.

बिबट्या खातो काय, हेही विष्ठा तपासून पाहिलं गेलं. त्याच्या खाण्यात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा होता. त्यात एकटी कुत्रीच ३९ टक्के, आणि शेळ्या फक्त ११ टक्के. खरं तर त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. मग शेळ्या वाचल्या कशा? रात्री बंदिस्त गोठ्यात होत्या म्हणून. कुत्री उघड्यावर फिरत होती. शेळ्यांना पक्का गोठा आणि वस्तीजवळ मोकाट कुत्री कमी, हा सल्ला या नोंदीतून निघतो.

पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला २००९ मध्ये विहिरीत पडलेला बिबट्या लोकांना आठवत असेल. त्याला 'आजोबा' नाव पडलं. गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडल्यावर तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. २०११ मध्ये रस्त्यावर गाडीच्या धडकेत मेला, तेव्हा अंगातल्या चिपवरून ओळख पटली. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी सिनेमाही आला. एका ठिकाणचा बिबट्या उचलून दुसरीकडे सोडला तर तो तिथेच राहील असं नाही, हे या नोंदीने दाखवून दिलं.

अलीकडे जिल्ह्यात बिबट्याचे माणसांवर हल्ले झालेत. ज्या घरातलं माणूस गेलं त्यांचं दुःख आकड्यांनी कमी होत नाही. पण म्हणूनच खरी नोंद लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा भलत्याच गावचा फोटो आपल्या गावचा म्हणून पुढे गेला, की वनखात्याची गाडी एकीकडे आणि बिबट्या दुसरीकडे.

नोंदी घेणारे कोण

राज्यात 'महाराष्ट्र पक्षिमित्र' ही संघटना १९८० च्या दशकापासून काम करते. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अली यांचा. जानेवारीत तलाव-धरणांवर पाणपक्ष्यांची गणना होते. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घरामागचे पक्षी मोजतात, त्यात भारत २०१३ पासून आहे. किमान १५ मिनिटं मोजलं तरी चालतं. शाळेच्या अंगणातही होतं.

अशा नोंदींचं पुढे काय होतं? २०२३ चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल ३० हजारांहून जास्त हौशी पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. माळरानावरचे पक्षी घटत चाललेत, हे त्यातूनच पुढे आलं.

गावाची स्वतःची नोंदवही

२००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. या समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. त्यात गावची झाडं, पिकांचे वाण, जनावरं, पक्षी, मासे, औषधी वनस्पती आणि जुन्या माणसांचं ज्ञान येतं. राज्यात यासाठी नागपूरला महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ आहे.

ही वही नुसती कपाटात ठेवायची नाही. गायरानावर किंवा देवराईवर कोणता प्रकल्प यायचा असला, तर तिथे काय आहे हे सांगायला गावाकडे हाच कागद असतो. सिंधुदुर्गात आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराजवळच्या पाण्यात नवीन जातीचा मासा सापडला, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. मासा बोटाएवढा, पण नोंद झाली म्हणून जागा वाचली.

ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा. आपली समिती आहे का? आणि नोंदवही कुठे आहे, वाचायला मिळेल का?

नोंद कशी करायची

१. तारीख, वेळ, ठिकाण (गट नंबर किंवा वस्तीचं नाव), किती दिसले आणि काय करत होते, एवढं लिहा.
२. जमेल तर लांबूनच फोटो काढा. बिबट्याचा ठसा दिसला तर शेजारी काडेपेटी ठेवून फोटो घ्या, म्हणजे आकार कळतो.
३. ओळखू आलं नाही तर 'माहीत नाही' लिहा. अंदाजाने नाव टाकू नका.
४. मोबाईलवर ई-बर्ड, मर्लिन आणि आयनॅचरलिस्ट ही अ‍ॅप मोफत आहेत. मर्लिन आवाजावरूनही पक्षी सुचवतं. पण त्याचंही चुकतं, डोळ्यांनी खात्री करा.
५. काही दिसलं नाही तरी लिहा. "आज माळावर एकही काळवीट नाही" हीसुद्धा नोंदच आहे.

हे करू नका

- घरटं, बीळ, गुहा यांचं नेमकं ठिकाण ग्रुपवर टाकू नका. शिकारीही तेच ग्रुप वाचतात.
- उसात बिबट्याची पिल्लं सापडली तर हात लावू नका, घरी आणू नका. तोडणी तिथे थांबवा आणि वनखात्याला कळवा. मादी बहुतेक वेळा रात्री येऊन पिल्लं नेते.
- साप धरायला स्वतः जाऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी. चावला तर मांत्रिकाकडे नाही, थेट सरकारी दवाखान्यात.
- काजवे बघायला गेल्यावर गाडीचे लाईट आणि टॉर्च बंद ठेवा.
- काळवीट मारणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षांची.

विहिरीला कठडा नसेल तर आधी तो बांधा. रात्री पळणारं काळवीट आणि बिबट्या दोघंही त्यातच पडतात, आणि पाणी शेंदायला गेलेलं पोरही. जखमी जनावर दिसलं किंवा शिकार होताना कळली, तर वनखात्याची हेल्पलाईन १९२६.

शंभर पानी वही वीस-तीस रुपयांना मिळते. शाळेतल्या पोरांनी आणि गावच्या म्हाताऱ्या मेंढपाळाने मिळून ती भरली, तर दहा वर्षांनी पारावर चार जण चार आकडे सांगणार नाहीत. वही उघडून बघतील.